रिकामी फेरी

तपासायला आलेल्या मुलाशी आधी कानाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा मणीबाईंचा नियम होता. आधी बूट. नाडीचे की चिकटपट्टीचे, उजवा कुठला, डावा कुठला. मग दात. पडलेला दात कुठे ठेवला, की गिळला. एवढं बोलणं झालं की मूल जरा सैल पडे, आणि मगच त्या टेबलाखालून मण्यांचा डबा काढत.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्याही पुढे, कॉरिडॉर संपतो तिथे त्यांची खोली होती. खोलीतली अर्धी जागा आणखी एका खोलीने खाल्लेली. जाड दाराची, आतून करड्या फोमने मढवलेली, एकच काच असलेली ती पेटी म्हणजे बूथ. आत मुलाने बसायचं, डोक्यावर हेडफोन. काचेच्या अलीकडे मणीबाई आणि त्यांचं मशीन. मशीनवर सुरांचे आकडे. अडीचशेचा सूर म्हणजे लांबवर घुमणारा भोंगा, आठ हजारांचा म्हणजे डासाहून बारीक. बटण दाबलं की सूर हेडफोनमध्ये जातो आणि मशीनवर हिरवा दिवा लागतो. मोठ्या माणसांनी आवाज आला की हात वर करायचा, लहानांनी एक मणी उचलून डब्यात टाकायचा. डब्याच्या तळाला फडकं घातलेलं, म्हणजे मणी पडल्याचा आवाज मध्ये यायला नको. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या या खोलीत आल्या तेव्हा मुलांसाठी काहीच नव्हतं. त्यांनी घरून आपली एक तुटलेली माळ आणली. तेव्हापासून मणीबाई हे नाव चिकटलं ते चिकटलं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

मुलं खोटं बोलतात हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. वाईटपणाने नाही. मोठ्या माणसाने काही विचारलं की हो म्हणायचं, एवढं शिकूनच ती आलेली असतात. हो म्हटलं की माणसं हसतात, खांद्यावरचा हात सैल होतो. म्हणून ती आत बसल्या बसल्या बाईंचा खांदा बघत. खांदा हलला की मणी. एका मुलाचे दोन्ही कान आतून इतके तुंबलेले की निम्मे सूर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते, पण पठ्ठ्याने डबा भरला आणि वर विचारलं, "जिंकलो का?"

त्या दिवसापासून मणीबाईंनी रिकामी फेरी सुरू केली. अधूनमधून त्या आकडा फिरवत, हात पुढे नेत, भुवया उंचावत, सगळं करत आणि बटण तेवढं दाबत नसत. आत शांतता. बाहेर खांदा हललेला. "आवाज आला तर मणी, नाही आला तर हात मांडीवर. दोन्ही बरोबर," असं त्या आधी बजावून सांगत. रिकाम्या फेरीत मूल हात मांडीवर ठेवून बसलं की काचेतून अंगठा दाखवत, आणि मणी टाकल्यावर दाखवत त्याहून जरा जास्तच वेळ.

आयांना ते विचित्र वाटे. "अहो बाई, त्याला ऐकू आलं नाही आणि तुम्ही शाबासकी कसली देता?"

"नाही आलं, हे त्याने सांगितलं त्याची," मणीबाई म्हणत. "सोपं नसतं ते. तुम्ही करून बघा घरी."

असलेल्या गोष्टीबद्दल खरं बोलायला फार लागत नाही. ती समोर असते, माणसाचा हात धरते. नसलेल्या गोष्टीबद्दल खरं बोलताना माणूस एकटा असतो. त्या फोमच्या पेटीत, डोक्यावर जड हेडफोन घेऊन, एवढंसं पोर शांततेला शांतता म्हणतं तेव्हा मणीबाईंना आत कुठेतरी हलल्यासारखं होई. सत्तावीस वर्षांत त्याची सवय झाली नव्हती.

आणि गेलं दीड वर्ष त्या स्वतः रोज सकाळी खोटं बोलत होत्या.

पहिला पेशंट यायच्या आधी मशीन तपासावं लागतं. हेडफोन स्वतःच्या कानांना लावायचा, मंद आवाजात एकेक सूर ऐकायचा, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि वहीत प्रत्येकासमोर बरोबरची खूण करायची. दीड वर्षापूर्वी एका सकाळी आठ हजारांचा सूर आला नाही. मणीबाईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला होता, म्हणजे सूर होता. त्यांनी खूण केली. काही महिन्यांनी सहा हजारांचा गेला, मग चार हजारांचा. छप्पन्न वर्षांच्या कानात असं होतंच. वयाबरोबर वरच्या पायऱ्या आधी झिजतात, हे त्यांनी स्वतः शेकडो म्हाताऱ्यांना समजावलं होतं, हसतखेळत. पण कान तपासणारीचेच कान झिजले म्हटल्यावर तिला या खोलीत कोण ठेवेल? कार्डांच्या खिडकीवर बसवतील, रांगेवर ओरडायला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. दिवा लागत होता, खूण होत होती. आजवर काही बिघडलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी एक रंगारी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. त्याच्या नखांत पांढरा रंग सुकलेला, मुलीचे दोन्ही खिसे फुगलेले. घरी तिला मुंगी म्हणत, कारण ती सतत काही ना काही उचलून कुठेतरी नेत असे. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी दिली होती: हाक मारली तर ओ देत नाही, कान दाखवून घ्या.

"आधीच सांगून ठेवतो, बाई," रंगारी म्हणाला. "ही थापा मारते. मागच्या आठवड्यात शाळेत सांगून आली, आमच्या गच्चीवर घोडा आहे म्हणून."

"आहे का?" मणीबाईंनी मुंगीला विचारलं.

"होता," मुंगी म्हणाली. "आता गेला."

"बघा. आणि दुसरं म्हणजे, हिच्या वर्गात एकीच्या कानाला ते यंत्र लावलंय, हिरव्या रंगाचं. तिला पहिल्या बाकावर बसवतात. तेव्हापासून हिला पण हवंय. म्हणून म्हणतो, नीट बघा. सहज फसवेल तुम्हाला."

"मला अजून कुणी फसवलं नाही, दादा," मणीबाई म्हणाल्या.

उजवा कान लख्ख निघाला. बारीकातला बारीक सूर, आणि मुंगी मणी टाकून मोकळी. रिकाम्या फेऱ्यांना हात मांडीवर, पाठ ताठ. मणीबाईंनी मनातल्या मनात तिला पहिला नंबर देऊन टाकला. डावा कानही निम्म्यापर्यंत असाच गेला. मग चार हजारांचा सूर लागला आणि मुंगीचे हात मांडीवरच राहिले. मणीबाईंनी आवाज वाढवला. हात मांडीवर. आणखी वाढवला. शेवटी मशीनची हद्द आली तरी हात मांडीवर. सहा हजार, तेच. आठ हजार, तेच.

इथे मणीबाईंचं शिक्षण आडवं आलं. एका कानाजवळ एवढा मोठा आवाज केला की तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानाला जाऊन पोचतो. मुंगीचा पलीकडचा कान तर लख्ख. म्हणजे डावा अगदी दगड असता तरी उजव्याने चोरून ऐकायलाच हवं होतं. तरीही काहीच आलं नाही असं जो म्हणतो तो बहुतेक वेळा बनवत असतो. पुस्तकात तसं होतं, आणि दोनदा त्यांनी स्वतः असे लोक पकडले होते. नेमक्या त्या दोघांच्या आठवणीने त्यांनी बूथचं दार उघडलं आणि मुंगीसमोर उकिडव्या बसल्या.

"मुंगी, खरं सांग हं. थोडासासुद्धा आवाज आला नाही?"

"नाही."

"अगदी लांबून आल्यासारखा?"

"नाही आला."

रंगारी मागे येऊन उभा राहिला होता. "मी म्हटलं नव्हतं? मुंगे, बाईंना खरं सांग. उगाच त्यांचा वेळ खाऊ नकोस."

"नाहीच आला," मुंगी म्हणाली. मग तिने मणीबाईंकडे पाहिलं. उलट बोलण्याच्या सुरात नाही, खरोखरच विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्हाला येतो का?"

मणीबाई बाहेर आल्या. सूर चालूच राहील असं बटण लावलं, आवाज मध्यावर आणला, आत जाऊन हेडफोन मुंगीच्या डोक्यावरून काढला आणि डावी वाटी आपल्या कानाला लावली. काहीच नव्हतं. फोमची शांतता आणि स्वतःचं रक्त. बापलेक दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"येतो ना," मणीबाई म्हणाल्या.

"बघ," रंगारी म्हणाला.

मुंगीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हेडफोन परत डोक्यावर घेतला. मणीबाई मशीनपाशी जाऊन बसल्या, आकडा फिरवला, हात पुढे नेला, आणि का कोण जाणे, बटण दाबलं नाही. मुंगीने मणी टाकला. त्यांनी पुन्हा रिकामी फेरी केली. मणी. तिसऱ्यांदा. मणी. मुंगी मण्यांकडे बघतही नव्हती. ती काचेतून बाईंच्या खांद्याकडे बघत होती.

मणीबाईंनी मशीन बंद केलं. चिठ्ठीवर 'गुरुवारी पुन्हा' असं लिहिलं, पत्ता आणि नंबर आपल्या डायरीत टिपून घेतला. रंगाऱ्याने मुलीचा दंड धरला.

"आज घरात हिच्याशी कुणी बोलणार नाही," तो म्हणाला. "तिची आई पण नाही. बनवत होते असं कबूल करेपर्यंत."

"असं नका करू, दादा. लहान आहे."

"लहान आहे तोवरच करायचं असतं, बाई. माझ्या घरात सगळं चालतं, खोटं चालत नाही."

ती गेली. डब्यात पिवळे तीन मणी होते. मणीबाई ते बराच वेळ बघत बसल्या. इतक्या मुलांना त्यांनी या खुर्चीवरून खरं बोलायला शिकवलं. एकेकाला शिकवायला अर्धा अर्धा तास लागे. खोटं शिकवायला पाच मिनिटं लागली होती.

दुपारी कॉरिडॉर पुसणाऱ्या मावशी दाराशी आल्या तेव्हा मणीबाईंनी त्यांना आत बोलावलं.

"मावशी, जरा हे कानाला लावा."

"मला काय झालंय?"

"तुम्हाला काही नाही. मशीनला झालंय का ते बघायचंय."

"माझे कान शाबूत आहेत," मावशी हात पदराला पुसत म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर सिस्टर माझ्याबद्दल बोलल्या ना, तर मला खाली कळतं." त्या लहान मुलांच्या खुर्चीत कशाबशा मावल्या. उजवीकडचे सूर लागले. "आला. शिट्टी. आला. हा बारीक, डास. आला." मग मणीबाईंनी डाव्या वाटीत तेच बारीक सूर लावले. मावशी वाट बघत राहिल्या. "करा ना सुरू."

"सुरू आहे."

"कुठे? हे मेलंय की."

मणीबाईंनी आत जाऊन हेडफोन उलटा घातला, डावी वाटी मावशींच्या उजव्या कानावर. तिथेही मेलेलं. कान बदलला तरी शांतता त्या वाटीतच होती. तीन आठवड्यांपूर्वी एका चिडलेल्या मुलाने हेडफोन डोक्यावरून ओढून जमिनीवर आपटला होता. मणीबाईंनी लगेच तपासला होता. खालचे सूर आले, ते कानाने ऐकले. वरचे आले, ते दिव्याने. खूण केली होती.

"पण तुम्ही तर रोज सकाळी तपासता ना?" मावशींनी विचारलं. त्यात काहीही खोचक नव्हतं.

"तपासते."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून मोकळ्या होत "बरं" म्हणाल्या, बादली उचलली आणि दार हलकेच ओढून घेऊन गेल्या.

मणीबाईंनी तीन आठवड्यांचे आलेख काढून टेबलावर मांडले. उजव्या कानाच्या लाल रेघा प्रत्येकाच्या वेगळ्या, जशा माणसांच्या असतात तशा. डाव्या कानाच्या निळ्या रेघा मात्र मुलं कुणीही असोत, एकाच ठिकाणी येऊन कोसळत होत्या. जिन्याच्या त्याच तीन पायऱ्या सगळ्या घरांत तुटलेल्या. मुंगी धरून अकरा मुलं. कुणाला सर्दी म्हणून कानात घालायचे थेंब लिहून दिलेले, कुणाला महिन्याने परत बोलावलेलं. एका चार वर्षांच्या मुलाच्या कानाचा साचा घेऊन झाला होता, त्याचं श्रवणयंत्र पुढच्या आठवड्यात तयार होणार होतं. ही मुलं खरं बोलली होती. अकराच्या अकरा. हात मांडीवर ठेवून.

आणि तरीही, दुपारच्या त्या शांत खोलीत, मणीबाईंच्या मनात एक सरळ वाट उघडलीच. कपाटात जुनी हेडफोनची जोडी पडून होती. ती लावायची. आपटलेली आजच बिघडली म्हणून सांगायचं. अकराही मुलांना नेहमीची फेरतपासणी म्हणून बोलवायचं. मुंगीचा कान गुरुवारी बरा निघेल, बाप म्हणेल, बघ, ताळ्यावर आली. सगळं जागच्या जागी. कुणाला काही कळणार नाही. मुंगीला तेवढं कळेल, आणि जन्मभर कळलेलं राहील.

कानाच्या डॉक्टर शस्त्रक्रियेत होत्या, त्या थेट संध्याकाळी निघून गेल्या. मणीबाईही घरी गेल्या.

नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला बेताचा. तो पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होता. मणीबाई पिशवी न ठेवताच दारात उभ्या राहिल्या.

"अहो, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

"माहितीये," तो म्हणाला आणि टॉवेलची कड जुळवली.

"माहितीये म्हणजे?"

"धुण्याचं मशीन संपलं की ओरडतं. दीड वर्ष झालं, तू उठत नाहीस. मी उठतो."

"मला वाटलं तुम्हाला घरकामाची गोडी लागली."

"मला?" तो हातातला टॉवेल घेऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"मग बोलला का नाहीत?"

"कान हा तुझा प्रांत. मी काय बोलणार? म्हटलं, सांगेल कधीतरी."

मणीबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मुंगीचं सगळं सांगून टाकलं. येतो ना असं आपण म्हणालो, इथपर्यंत. नवऱ्याने टॉवेल बाजूला ठेवला. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे ती पोरगी आत्ता घरात बसली असेल. सगळे गप्प."

मणीबाईंनी डायरी काढली. फोन रंगाऱ्यानेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, माणसांचा नव्हता.

"दादा, मी कानाच्या तपासणीतून बोलतेय. मुंगीशी बोला. ती खरं सांगत होती. आमचा हेडफोन बिघडलाय, डावीकडून बारीक आवाज येतच नव्हता."

"पण बाई, तुम्ही स्वतः कानाला लावून बघितलंत की. माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात, येतो."

इथेही वाट होतीच. मला उजवीकडून आला असं म्हणता आलं असतं, वायर मध्येच तुटते असंही. मणीबाईंनी एक हात मांडीवर ठेवला.

"नव्हता आला," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. मला ते बारीक सूर ऐकूच येत नाहीत, बरेच दिवस झाले. ते कळेल म्हणून मी येतो म्हटलं. तुमची मुलगी खरी होती, दादा, आम्ही दोघंच..."

रंगारी ओरडला नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं, आणि फोनपासून लांब, खालच्या आवाजात तो म्हणाला, "मुंगे. ये इकडे. ये, बाळा." हे सगळे खालचे सूर होते. मणीबाईंना ते स्वच्छ ऐकू आले.

बुधवारी सकाळी आठ वाजता त्या अकरा आलेख आणि खुणांची वही घेऊन डॉक्टरांच्या दारात उभ्या होत्या. डॉक्टर त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, दिवसभर धावणारी बाई, नाश्त्याची बिस्किटं नेहमी उभ्यानेच खाणारी. मणीबाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं.

"अकरा मुलं, मणीबाई."

"हो."

"एकाच्या कानाचा साचा घेऊन झालाय. चांगल्या कानात यंत्र बसवलं असतं आपण. मी बसवलं असतं, तुमच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवून."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता?"

"दुसरं काय म्हणू? खिडकीवर बसवाल तर बसते. आधी ही अकरा मुलं परत बोलवायला हवीत, आणि ती मी बोलवते."

"खिडकीवर कशाला?" डॉक्टर वैतागून म्हणाल्या. "दिवसभर तुम्ही काय करता? मुलांचे हात बघता. त्याला कान कुठे लागतात? कान लागतो तो सकाळी दोन मिनिटं. ती दोन मिनिटं मी ऐकली असती. मी नसते तेव्हा आणखी कुणी ऐकलं असतं. सांगायचं होतंत फक्त."

"एवढंच?"

"एवढंच कसं? मेमो मिळणार तुम्हाला. आणि तो मी स्वतः लिहिणार, चांगला कडक."

"लिहा," मणीबाई म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. दीड वर्ष त्या रोज ज्या भिंतीला घाबरत होत्या ती भिंत नव्हतीच, पडदा होता. हे सगळं दोन मिनिटांसाठी. छातीत एकदम इतकी जागा झाली होती की श्वास कुठवर घ्यावा कळेना. डॉक्टरांनी बिस्किटांचा पुडा त्यांच्याकडे सरकवला.

"खा. आणि दुपारी माझ्याकडे कान तपासून घ्या. नीट."

सकाळभर मणीबाई फोन करत होत्या. प्रत्येकाला तेच सांगितलं, मशीन बिघडलं आणि ते पकडायची माझी जबाबदारी होती, मी पकडलं नाही. दोघांनी झापलं. एकाने तक्रार करीन म्हटलं, त्याला त्यांनी तक्रार कुठे करायची ते नीट सांगितलं. एका आजीने आधी नातवाच्या कानात घातलेल्या थेंबांचा हिशेब ऐकवला आणि मग विचारलं, "म्हणजे आता नको ना घालायला? रोज दोघी जणी धरायला लागतात त्याला." साचा घेतलेल्या मुलाचा बाप फोनवर हसायला लागला तो थांबेचना. मग त्याचं हसू ओलं झालं. त्याने फोन बायकोकडे दिला, आणि मणीबाईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

गुरुवारची वाट न बघता दुपारीच मुंगी आली. जुनी जोडी डॉक्टरांनी स्वतः कानाला लावून, एकेक सूर ऐकून वहीत खुणा केल्या होत्या. मणीबाई काचेअलीकडे बसल्या. डावा कान लागला. चार हजार, मणी. सहा हजार, मणी. आठ हजारांचा सूर अगदी तळाला नेला, मणीबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. मुंगीने भुवया आक्रसून जरा वाट बघितली आणि मणी टाकला. मग रिकामी फेरी. आज मणीबाईंचाच हात जड झाला होता. खांदा हलला, बटण दाबलं गेलं नाही. मुंगीचा हात मण्यापर्यंत गेला, मण्यावर थांबला. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात उचलून मांडीवर ठेवला.

दोन्ही कान लख्ख होते.

"मग शाळेत बाई हाक मारतात तेव्हा ओ का देत नाहीस?" रंगाऱ्याने विचारलं.

"ऐकू येतं," मुंगी म्हणाली. "पण तेव्हा मी कामात असते."

"कामात," रंगारी मणीबाईंना म्हणाला. "काल मी बोललो, तर त्यानंतर झोपेपर्यंत ही थांबलीच नाही. डोकं उठवलं." तो हे तक्रारीच्या सुरात म्हणत होता, पण त्याचा हात मुलीच्या केसांत होता. त्याने बूथच्या दारापासून हलायचं नाव घेतलं नाही.

मणीबाई कालच्यासारख्याच मुंगीसमोर उकिडव्या बसल्या.

"मुंगी, काल तू मला विचारलंस ना, तुम्हाला येतो का? मला नव्हता आला. मी खोटं सांगितलं."

मुंगी त्यांना न्याहाळत राहिली. "का?"

"घाबरले होते."

"बाबाला?"

"नाही गं. ही खोली माझ्याकडून काढून घेतील, म्हणून."

मुंगीने मागे वळून खोलीकडे पाहिलं, मशीनकडे, पेटीच्या दाराकडे, छताकडे. एवढ्यासाठी घाबरण्यासारखं इथे काय आहे ते तिला बहुतेक सापडलं नाही. "घेतली?"

"नाही घेतली."

"मी पण घाबरले होते," मुंगी म्हणाली. "बाबाला. म्हणून मी उगाचच टाकले मणी. तीन."

"मला माहितीये," मणीबाई म्हणाल्या. "ते मीच शिकवले तुला."

"मग ते मोजू नका."

"नाही मोजत."

मुंगीने मान डोलावली. विषय संपला होता. तिने खिशातून एका बाटलीचं झाकण काढून मणीबाईंच्या हातात दिलं, मग विचार बदलून परत घेतलं, आणि बाबाला सांगितलं की शू लागलीय.

"सरळ जा, डावीकडे दुसरं दार," मणीबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारातून त्यांना दोघं दिसत होती. मुंगी चालता चालता बापाला काहीतरी सांगत होती. हॉस्पिटलच्या गलक्यात तिचा बारीक आवाज इथवर पोचत नव्हता. रंगारी मात्र चालायचा थांबला होता, आणि नीट ऐकू यावं म्हणून तिच्या तोंडापाशी वाकला होता.